पीटर स्नेल ते डेव्हिड रुडिशा: मध्यम पल्ल्याच्या धावपटूंची काळाच्या आरपार तुलना कशी करावी? (चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

तिसरी लेन

आठशे मीटरचा जागतिक विक्रम १:४०.९१ असा आहे आणि तो केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केला. न्यूझीलंडच्या पीटर स्नेलने ३ फेब्रुवारी १९६२ रोजी क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर हेच अंतर १:४४.३ मध्ये कापले होते आणि त्या काळी तोच विक्रम होता. नुसती वजाबाकी केली तर दोघांत साडेतीन सेकंदांच्या आसपास अंतर पडते, म्हणजे रुडिशा रेषा ओलांडेल तेव्हा स्नेल पंचवीस-सव्वीस मीटर मागे असेल. प्रश्न इथेच निकाली निघाला असता, पण स्नेल गवतावर धावला होता. जिमखान्याच्या मैदानावर चुन्याने फेऱ्या आखतात, त्याच जातीचा तो ट्रॅक होता. त्याच धावेत पुढचे पावणेपाच मीटर धरून त्याने ८८० यार्डांचाही विक्रम १:४५.१ असा नोंदवला. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २७ जानेवारीला, वांगानुई गावातल्या गवतावर त्याने मैलाचा विक्रम ३:५४.४ वर आणून ठेवला होता.

त्यामुळे मी घड्याळ थोडे बाजूला ठेवून पाहतो. धावपटूने आपल्या आधीच्या विक्रमातून किती कापले, आणि कोणी वेग ठरवून देत नसताना, म्हणजे पदकाच्या शर्यतीत, त्याने काय केले, या दोन गोष्टी मला घड्याळापेक्षा अधिक बोलक्या वाटतात. स्नेलच्या आधीचा विक्रम बेल्जियमच्या रॉजर मोएन्सचा १:४५.७ होता, म्हणजे स्नेलने एका शर्यतीत १.४ सेकंद कापले. रुडिशाने विल्सन किपकेटरचा १:४१.११ हा विक्रम आधी १:४१.०९, मग १:४१.०१ आणि शेवटी १:४०.९१ असा तीन टप्प्यांत खाली आणला. या तीन विक्रमांची बेरीज ०.२० सेकंद होते, म्हणजे स्नेलने एकदाच जे कापले त्याचा सातवा भाग. विक्रम जसजसा माणसाच्या मर्यादेजवळ जातो तसतसे कापायला कमी उरते, हे मला मान्य आहे. पण सातपट फरक एवढ्याने पुसला जातो असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट पदकांची. स्नेल १९६० मध्ये रोमला गेला तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तिथे त्याने त्याच मोएन्सला शेवटच्या काही पावलांत मागे टाकून ८०० मीटरचे सुवर्ण घेतले. १९६४ मध्ये टोकियोत त्याने ८०० आणि १५०० ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि त्यासाठी प्राथमिक फेऱ्या धरून तो सहा शर्यती धावला. त्यानंतर आजवर एकाही पुरुष धावपटूला ऑलिंपिकमध्ये ही जोडी साधलेली नाही. त्याचा प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड त्याला ऑकलंडजवळच्या वायटारुआच्या चढ-उतारांवर पस्तीस किलोमीटर पळवत असे आणि आठवड्याला शंभर मैल भरवून घेत असे. आठशे मीटरच्या माणसाला दोन मिनिटांपेक्षा कमी काळाच्या शर्यतीसाठी एवढे पळवणे त्या काळी वेडेपणाचे मानले जात होते. १९६२ च्या त्या विक्रमांच्या दोनच महिने आधी स्नेल मॅरेथॉन धावून आला होता.

माझा क्रम स्नेल, रुडिशा, ब्रिटनचा सेबॅस्टियन को असा आहे. असहमती अपेक्षित आहे, पण ती मुद्द्यांनिशी यावी.

मातीचा ट्रॅक

गवताचा मुद्दा ज्याने गवतावर स्पर्धा केली आहे त्यालाच नीट समजतो, म्हणून लिहितो. महाविद्यालयात असताना मी ८०० मीटर धावत असे आणि आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा क्रिकेटच्या मैदानावर होत. सरळ पट्टीवर फारसे काही जाणवत नाही. वळणावर मात्र बाहेरचा पाय जमिनीला रेटतो तेव्हा गवत किंचित सरकते, आणि त्या सरकण्यात आपला जोर वाया जातो. दोन फेऱ्यांत अशी चार वळणे येतात. पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर धावलो तेव्हा तोच मी, त्याच महिन्यात, तीन सेकंदांहून अधिक लवकर पोहोचलो होतो.

मात्र या आठवणीवरून स्नेलच्या वेळेतून तीन सेकंद वजा करायला मी तयार नाही. आमच्या मैदानावर खड्डे होते, रोलर फिरवलेला नव्हता, आणि मुख्य म्हणजे मी स्नेल नव्हतो. जितका धावक जड आणि ताकदवान तितके मऊ जमिनीवरचे नुकसान अधिक, असे मला वाटते. स्नेल अंगाने चांगलाच भरलेला होता, रुडिशासारखा उंच आणि सडपातळ नव्हता.

एक दुरुस्ती सुचवतो. कापलेल्या सेकंदांचाच निकष लावायचा तर जर्मनीच्या रुडॉल्फ हार्बिगला तुम्ही विसरलात. १५ जुलै १९३९ रोजी मिलानमध्ये त्याने १:४६.६ अशी वेळ दिली, तेव्हा आधीचा विक्रम ब्रिटनच्या सिडनी वुडरसनचा १:४८.४ होता. म्हणजे त्याने १.८ सेकंद कापले, स्नेलपेक्षाही अधिक. तो विक्रम सोळा वर्षे टिकला आणि शेवटी याच मोएन्सने १९५५ मध्ये मोडला. हार्बिग तोवर हयात नव्हता. १९४४ मध्ये पूर्वेकडच्या युद्ध आघाडीवर तो मारला गेला. त्याचे १९४० चे ऑलिंपिक तर झालेच नाही, त्यामुळे तुमच्या पदकांच्या निकषावर तो विनाकारण नापास होतो.

शेवटचे दोनशे

हार्बिगच्या विक्रमाबद्दल एवढे लक्षात ठेवावे की मिलानचा तो ट्रॅक तेव्हा ५०० मीटरचा होता. फेरी मोठी म्हणजे ८०० मीटरमध्ये वळणे कमी आणि सरळ धाव जास्त. मातीचा ट्रॅक यांनी वळणांचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर हा फायदा किती असेल याचा अंदाज त्यांनाच अधिक येईल.

आता रुडिशाबद्दल, कारण इथे त्याच्यावर अन्याय होतो आहे असे माझे मत आहे. मोठ्या विक्रमांपैकी बहुतेक विक्रम ससा पुढे ठेवून झालेले आहेत. ससा म्हणजे पहिली फेरी ठरलेल्या वेगाने ओढून नेणारा आणि मग बाजूला होणारा धावक. १० जून १९८१ रोजी फ्लॉरेन्समध्ये सेबॅस्टियन कोने १:४१.७३ ही वेळ दिली, तेव्हा पहिली फेरी केनियाच्या बिली कोन्चेलाने ओढली होती, जो पुढे स्वतः दोनदा विश्वविजेता झाला. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला मैल ३:५९.४ मध्ये पूर्ण केला तोही क्रिस ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे यांच्या पाठीमागे राहून. ससा वाऱ्याचा मारा अंगावर घेतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो मागच्याच्या डोक्यावरचे ओझे घेतो. वेग किती ठेवायचा, हा विचारच मागच्याला करावा लागत नाही.

लंडनच्या अंतिम शर्यतीत असा कोणी नव्हता. रुडिशा पहिल्या वळणानंतर आघाडीवर आला, पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत संपवली आणि शेवटपर्यंत एकदाही कोणाच्या मागे गेला नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावपटू एकमेकांकडे पाहत धीम्या गतीने पहिली फेरी काढतात आणि शेवटच्या दोनशे मीटरवर सारे ठरते, हा जुना शिरस्ता आहे. रुडिशाने पदक पणाला लावून तो मोडला. त्याच्या मागे धावलेल्यांचे काय झाले तेही पाहावे. बोट्सवानाचा अठरा वर्षांचा नायजेल अमोस १:४१.७३ मध्ये दुसरा आला, म्हणजे कोचा एकेकाळचा जागतिक विक्रम तिथे रौप्यपदकापुरता ठरला. सर्वांत शेवटी आलेल्या अँड्र्यू ओसागीची वेळ १:४३.७७ होती. सिडनी, अथेन्स आणि बीजिंग या आधीच्या तिन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदके या वेळेने मिळाली असती.

तुमच्या निकषाची अडचण अशी आहे की तो सर्वांत मोठी धाव करणाऱ्याला नव्हे, तर ज्याच्या आधीचा विक्रम सर्वांत कच्चा होता त्याला वर चढवतो. किपकेटरने १९९७ मध्ये कोचा विक्रम आधी बरोबरीत आणला आणि मग दोनदा सुधारून १:४१.११ वर नेला. त्याच्यानंतर येणाऱ्याला कापायला उरलेच किती होते?

सोलापूरकर

मोठ्या नावांच्या चर्चेत आपल्या एका माणसाचा उल्लेख व्हायला हवा, आणि तो केवळ अभिमानापोटी करत नाही; त्याचा मुद्द्याशी थेट संबंध आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आल्बेर्तो हुआन्तोरेनाने ८०० मीटर १:४३.५० मध्ये जिंकून जागतिक विक्रम केला आणि पुढे ४०० मीटरही जिंकले. त्या ८०० मीटरच्या अंतिम फेरीत पहिली फेरी ओढणारा धावपटू राजस्थानचा श्रीराम सिंह होता. तो कोणाचा ठरवलेला ससा नव्हता. पुढे राहून धावणे हीच त्याची पद्धत होती. दुसऱ्या फेरीत इतरांनी त्याला मागे टाकले आणि तो १:४५.७७ वेळेसह सातवा आला. त्याच्या वेगवान पहिल्या फेरीमुळे आपला विक्रम झाला, असे श्रेय हुआन्तोरेनाने नंतर दिले. श्रीराम सिंहची ती वेळ भारतीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत, जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ देईपर्यंत टिकली.

माझा मुद्दा असा की पदकाच्या शर्यतीत ससा नसतो हे शेवटचे दोनशे यांचे म्हणणे पूर्ण खरे नाही. कधी कधी कोणीतरी स्वतःच्या धाडसापायी तो होऊन जातो, आणि नाव विजेत्याचे राहते.

पदकांच्या निकषातही एक खोट आहे, ती म्हणजे बहिष्कार. माँट्रियलला आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला, त्यामुळे केनियाचा माइक बॉइट ८०० मीटरच्या रेषेवर आलाच नाही. १५०० मीटरमध्ये टांझानियाचा फिल्बर्ट बायी नव्हता. बायीने १९७४ मध्ये क्राइस्टचर्चला सुरुवातीपासून पुढे राहून ३:३२.२ असा विक्रम केला होता आणि न्यूझीलंडचा जॉन वॉकर त्याच्या मागे ३:३२.५ मध्ये आला होता. माँट्रियलला बायी नसताना वॉकरने सुवर्ण घेतले ते ३:३९.१७ या संथ वेळेत. वॉकर थोर धावपटू होता, मैल ३:५० च्या आत धावणारा तो पहिला माणूस. तरी त्या पदकाचे वजन किती धरायचे हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

रविवारची धाव

इथे सारी चर्चा ८०० मीटरवर रेंगाळली आहे. १५०० मीटर धरले तर मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजला वगळून पुढे जाता येणार नाही. त्याने १४ जुलै १९९८ रोजी रोममध्ये ३:२६.०० अशी वेळ दिली आणि ती आजही कोणाला मोडता आलेली नाही. मधल्या काळात काय बदलले ते पाहिले म्हणजे या विक्रमाचे वजन कळते. स्पाइक्समध्ये उसळी देणारा नवा फोम आणि ताठ पट्टी आली. ट्रॅकच्या आतल्या कडेला दिवे बसवले गेले, जे ठरवलेल्या वेगाने पुढे सरकत धावकाला घड्याळच दाखवतात. एवढी मदत असूनही नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनला २०२४ मध्ये मोनाकोत ३:२६.७३ पर्यंतच जाता आले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरला चौघेजण १:४२ च्या आत आले, पण पहिल्याची वेळही १:४१.१९ होती, म्हणजे रुडिशा अबाधित राहिला.

एल गेरूजची पदकांची कहाणी मात्र वेदनादायी आहे. १९९६ मध्ये अटलांटाला शेवटच्या फेरीच्या तोंडावर तो अडखळून पडला. २००० मध्ये सिडनीत त्याला केनियाच्या नोआ एन्गेनीने हरवले. रोमच्या विक्रमी शर्यतीत हाच एन्गेनी त्याचा ससा होता. मग २००४ मध्ये अथेन्सला त्याने बर्नार्ड लगातला ०.१२ सेकंदांनी मागे टाकून १५०० मीटर जिंकले आणि त्यानंतर ५००० मीटरही जिंकले. ही जोडी त्याआधी फक्त पावो नुर्मीने १९२४ मध्ये साधली होती.

एक गोष्ट सावधपणे लिहितो. एपीओ, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे बंदी घातलेले द्रव्य, शोधणारी चाचणी सिडनी ऑलिंपिकपासून सुरू झाली. नव्वदीच्या दशकातील वेळा वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, कारण त्या दशकात सगळ्याच लांब आणि मध्यम पल्ल्यांचे विक्रम झपाट्याने खाली आले. कोणा एकाकडे बोट दाखवायला माझ्याकडे आधार नाही आणि तसा माझा हेतूही नाही.

पहाटवारा

एवढ्या प्रतिसादांत एकाही स्त्रीचे नाव नाही, म्हणून तिसरी लेन यांचाच निकष घेऊन हिशेब मांडते. केनियाच्या फेथ किपयेगॉनने २१ जुलै २०२३ रोजी मोनाकोत मैल ४:०७.६४ मध्ये पूर्ण केला. आधीचा विक्रम सिफान हसनचा ४:१२.३३ होता, म्हणजे तिने ४.६९ सेकंद कापले. पल्ले वेगळे असल्यामुळे टक्क्यांत पाहू: किपयेगॉन १.८६, हार्बिग १.६६, स्नेल १.३२ आणि १९७९ मध्ये ऑस्लोत हुआन्तोरेनाचा विक्रम मोडणारा को १.०७. तुमच्या फूटपट्टीने पहिला क्रमांक तिचा येतो. पदकांचे म्हणाल तर १५०० मीटरमध्ये तिने २०१६, टोकियो आणि पॅरिस अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली आहेत. पुरुषांमध्ये सलग दोन जिंकणारा को एकटाच आहे. यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या सुवर्णाच्या मध्ये ती आई झाली.

या हिशेबातली पळवाट मीच सांगते, म्हणजे कोणाला शोधत बसायला नको. स्त्रिया मैलाची शर्यत क्वचितच धावतात, त्यामुळे तो विक्रम मागे राहिलेला होता. १५०० मीटरमध्ये गेन्झेबे दिबाबाचा ३:५०.०७ हा विक्रम किपयेगॉनने पहिल्यांदा मोडला तेव्हा ३:४९.११ अशी वेळ दिली होती, म्हणजे अर्धा टक्काही नाही. त्यानंतर २०२५ पर्यंत ती ३:४८.६८ वर पोहोचली. हे आकडे पुरुषांच्या अलीकडच्या विक्रमांसारखेच दिसतात.

पण स्त्रियांची तुलना काळाच्या आरपार करताना एक प्रश्न असा आहे जो पुरुषांच्या बाबतीत येतच नाही. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली आणि जर्मनीच्या लीना राडकेने ती २:१६.८ मध्ये जिंकली. शर्यतीनंतर काही धावपटू दमून ट्रॅकवर आडव्या झाल्या, त्याची वर्तमानपत्रांनी अतिरंजित वर्णने छापली, आणि ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली ती थेट १९६० पर्यंत. १५०० मीटर तर १९७२ मध्ये आली. हार्बिगच्या पिढीतल्या स्त्रीला रेषेवर उभे राहण्याचीच मुभा नव्हती, तेव्हा तिची तुलना कोणाशी करायची? आणि १९८३ पासून टिकून असलेला यार्मिला क्राटोखव्हिलोव्हाचा ८०० मीटरचा १:५३.२८ हा विक्रम कोणत्या रकान्यात घालायचा? ती कधीही चाचणीत दोषी ठरली नाही, एवढे नमूद करून मी तो रकाना रिकामा ठेवते.

तिसरी लेन

सर्वांचे आभार. पहाटवारा यांनी माझ्या निकषाला त्याच्याच काठीने मारले आहे आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही. विक्रमातून किती कापले, हा आकडा धावपटूइतकाच आधीच्या विक्रमाबद्दलही बोलतो, हे शेवटचे दोनशे यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. मोएन्सच्या वेळेला मात्र मी कच्ची म्हणणार नाही, कारण तिने सोळा वर्षांचा विक्रम मोडला होता.

त्याऐवजी समकालीनांपासूनचे अंतर धरावे असा विचार केला, तर दुसरेच नाव पुढे येते. ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटने १९६० मध्ये रोमला १५०० मीटर ३:३५.६ या विक्रमी वेळेत जिंकले, आणि दुसरा आलेला मिशेल जाझी २.८ सेकंद मागे होता. १५०० मीटरच्या शर्यतीत एवढे अंतर आज कल्पनेबाहेरचे आहे. पॅरिसला पहिले तिघे ०.१५ सेकंदांत आले. प्रौढ धावपटू म्हणून १५०० मीटर किंवा मैलात एलियट कधीही हरला नाही, आणि पंचविशी गाठण्याआधीच त्याने धावणे सोडले. कोणी म्हणेल की न हरण्याचे कारणच ते आहे. हौशी खेळाच्या त्या नियमांत धावून पोट भरत नसे, त्यामुळे बॅनिस्टर डॉक्टर झाला आणि स्नेलने सव्विसाव्या वर्षी निवृत्ती घेऊन पुढे अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रात संशोधन केले. रुडिशाने दुसरे सुवर्ण जिंकले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. स्नेलला ती वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणार नाही, पण मनातून काढूही शकत नाही.

को आणि त्याचा देशबंधू व प्रतिस्पर्धी स्टीव्ह ओव्हेट यांच्याबद्दल एवढेच, की ऑगस्ट १९८१ मध्ये नऊ दिवसांत मैलाचा विक्रम तीनदा मोडला गेला, झुरिकला कोने, कोब्लेंझला ओव्हेटने, ब्रसेल्सला पुन्हा कोने, आणि यांपैकी एकाही शर्यतीत ते समोरासमोर नव्हते. ते जेव्हा मॉस्कोत समोरासमोर आले तेव्हा को त्याच्या हक्काच्या ८०० मध्ये हरला आणि ओव्हेट त्याच्या हक्काच्या १५०० मध्ये. म्हणून कोला मी तिसऱ्या क्रमांकावरून हलवून ती जागा एलियटला देतो. स्नेल आणि रुडिशा यांच्यातला निर्णय मात्र बदलत नाही, कारण रुडिशाने १५०० मीटरच्या रेषेवर उभे राहून कधी कोणाला आव्हान दिले नाही.

शेवटचे दोनशे

त्याच न्यायाने स्नेलने ४०० मीटरला हुआन्तोरेनासारखे आव्हान दिले नाही, असेही म्हणता येईल. धावपटूने जी शर्यत निवडली तिच्यातच त्याला मोजावे. माझ्या यादीत रुडिशा पहिला आहे.

मातीचा ट्रॅक

५०० मीटरच्या ट्रॅकबद्दल मला विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. वळणे कमी झाल्याचा फायदा नक्कीच असेल, पण हार्बिगला त्या दिवशी इटलीच्या मारिओ लान्झीने बराच वेळ पुढे राहून ओढले, तोही फायदा धरावा लागेल. गंमत म्हणजे स्नेलचा १:४४.३ हा आकडा इतरांनीही गाठला, पण तो खाली आणला १९७३ मध्ये मार्चेल्लो फियास्कोनारोने, १:४३.७ अशी वेळ देऊन, आणि तेही मिलानच्या त्याच मैदानावर. न्यूझीलंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून स्नेलची गवतावरची वेळ २०२४ पर्यंत उभी होती. तिथल्या साठ वर्षांतल्या मुलांकडे सिंथेटिक ट्रॅक होते.